ढोल्या झाडाखालचा नवस

माझी आई भात खात नाही, हे आमच्या भावकीत सगळ्यांना माहीत होतं. का खात नाही, हे मात्र फारसं कुणाला माहीत नव्हतं. मांडवगण फराट्याच्या आसपास कुणाचं लग्न असलं आणि पंगतीत मसालेभात आला, की आई "मला न्हाई चालत" एवढंच म्हणायची. बायका आपापसात ठरवून टाकायच्या. एक म्हणायची, "शुगर हाय वाटतं." दुसरी म्हणायची, "शुगर कसली? बुंदी दोनदा घेतली की आत्ता." आई ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि वांग्याच्या रश्शात चपाती कुस्करायची.

तो भात माझ्यासाठी सोडलेला होता.

आम्ही पूर्वीचे मेंढपाळ. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, तरुणपणी दिवाळी झाली, की आमचे लोक मेंढरं घेऊन घाट उतरायचे आणि कोकणात जायचे. कापणी झालेल्या रानात तिथले शेतकरी मेंढरं बसवून घ्यायचे. लेंड्यांचं खत रानाला मिळायचं आणि त्याबदल्यात आम्हाला तांदूळ. मेंढरांच्या तळाला आमच्यात वाडा म्हणतात. चार काठ्या, वाघरीचं जाळं आणि घोंगड्या, एवढाच तो वाडा. तो पडला की पहिलं काम देवाचं असे. पाच दगड उभे करायचे, त्यांना भंडारा लावायचा, तोच बिरोबा. मग चूल.

मी तान्ही असताना असाच वाडा समुद्राकाठच्या एका किल्ल्याजवळ पडला होता. तिथं मला ताप आला आणि जुलाब सुरू झाले. दवाखाना खाडीपलीकडे. होडी दुसऱ्या दिवशी मिळणार होती. त्या रात्री आईनं त्या पाच दगडांपुढं पदर पसरला आणि म्हणाली, "पोरगी जगू दे. तिला तिच्या पायानं चालवत तुझ्याम्होरं आणीन. तवर भाताला शिवणार न्हाई." आबांची चुलती तिथंच होती. ती म्हणाली, "आगं, पोरीसाठी कुणी नवस बोलतं व्हय?" आई म्हणाली, "म्या बोलले की आत्ता."

कोकणात भात सोडायचा म्हणजे काय, हे आता सांगून समजायचं नाही. तिथं दुसरं काही नसायचंच. सोबत नेलेली ज्वारी संपत आलेली होती. उरलेले महिने आईनं कशावर काढले, ते तिनं मला कधी नीट सांगितलं नाही. "निघालं की," म्हणायची.

मी जगले. पण पुढच्या वर्षी वाडा दुसरीकडे पडला, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी कुठं. मग आमच्या वाटणीच्या रानाला पाणी आलं आणि मी शाळेच्या वयाची झाले. मेंढरांमागं फिरलं तर पोरीची शाळा होणार नाही, म्हणून आबांनी मेंढरं विकली आणि ऊस लावला. भावकीत त्यांना लोक हसले. मी शाळेत गेले, शिरूरला कॉलेजात गेले, बी.ए. झाले, बी.एड. झाले. आमच्या घरातली पहिली पदवी. आज मी कासुर्डीजवळच्या एका शाळेत मराठी शिकवते. हे सगळं मिळालं ते मेंढरं विकली म्हणून. आणि मेंढरं विकली म्हणूनच आईचा नवस राहून गेला. जिथं मेंढरं जात नाहीत, तिथं आमचे लोक कशाला जातील?

गेल्या वर्षी आईचे दोन्ही गुडघे गेले. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. मला वाटलं ती घाबरेल. ती म्हणाली, "ऑपरेशनचं काय न्हाई गं. पर भूल देत्यात म्हणं. भुलीतनं न्हाई उठले तर? देवाला दिलेला शब्द तसाच ठिवून जाऊ व्हय? आधी मला तिथं ने. मग काय कापायचं ते कापू दे त्याला."

"तिथं म्हणजे कुठं, आई?"

"ह्यांना इचार."

आबांना किल्ल्याचं नाव माहीत नव्हतं. आमचे लोक जागेला नाव देतात ते त्यांच्या कामापुरतं. आबा म्हणाले, "पाण्याकडचा कोट. खाडीच्या तोंडाला. आन् थितं ढोल्या." ढोल्या म्हणजे एक झाड. "खोड एवढं, की चार गड्यांच्या कवेत मावायचं न्हाई. आन् वर फांद्या बारक्या. जसं कुणी मुळं वर करून लावलंय." मी बरेच दिवस कोकणातल्या किल्ल्यांचे फोटो त्यांना मोबाइलवर दाखवत होते. ते प्रत्येकाला "न्हाई" म्हणत आणि फोटो बोटानं पुढं ढकलायलाही शिकले. शेवटी आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या सरांनी एका उत्खननाचा फोटो पाठवला. जुन्या बंदराच्या जागी किल्ल्यालगत खोदकाम चाललं होतं. फोटोच्या कडेला गोरखचिंचेचं एक प्रचंड झाड होतं.

आबा खाटेवर उठून बसले. "ह्यो! ह्योच ढोल्या! आगं ए, बघ की, अजून मरंना बेणं!"

आईनं मोबाइल हातात घेतला, झाडाकडं पाहिलं आणि त्याला हात जोडले.

शिरूरच्या एका चाचांची भाड्याची गाडी आम्ही ठरवली. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडची लोकर त्यांच्या घरी जायची, त्यामुळे आबांची आणि त्यांची थट्टा जुनी. पहाटे निघालो. आईच्या मांडीवर पिशवी होती. तिच्यात नारळ, भंडाऱ्याची पुडी आणि नवी घोंगडी. घाट लागला तसे आबा काचेला नाक लावून आपली जुनी वाट शोधू लागले. रस्ता बोगद्यात शिरला.

"ह्यातनं मेंढरं न्हाई यायची," आबा म्हणाले. "अंधारात पाऊल टाकत न्हाई मेंढरू."

"नाही आली ते बरंच झालं, आबा," चाचा म्हणाले. "टोलवाल्यानं एकेकाची पावती फाडली असती. तुम्ही अजून नाक्यावरच असता."

"म्या कशाला? तूच मोजत बसला असतास."

आई हसली नाही. ती पिशवीचं तोंड मुठीत धरून समोर बघत बसली होती.

दुपार व्हायच्या आत आम्ही पोचलो. भरती ओसरत होती. काळ्या दगडाची तटबंदी पाण्यात उतरली होती आणि तिच्या खालच्या अंगाला शिंपल्यांचा पांढरा थर बसला होता. एक बुरूज ढासळून चिखलात आडवा झालेला. दरवाज्याच्या आत नारळाची झाडं, त्यांच्यात पायवाट. मी कॉलेजच्या सहलीत समुद्र पाहिला होता, पण तिथं माणसंच फार होती. इथं नुसतं पाणी आणि दगड. मी आईला विचारलं, तुला तेव्हा समुद्र बघून काय वाटलं होतं? ती म्हणाली, "काय वाटायचंय? मेंढरं खारं पाणी पीत न्हाईत. गोडं पाणी कुठं हाय, ते बघायला लागायचं आधी."

तटाबाहेर ढोल्या उभा होता. फोटोत कळलं नव्हतं एवढा मोठा. आबांनी जाऊन त्याच्या खोडावर थाप मारली, एखाद्या बैलाच्या पाठीवर मारावी तशी. मग ते वळले, चार पावलं चालले आणि थांबले.

वाडा जिथं पडायचा, तिथं हिरव्या जाळीचं कुंपण होतं. आत आखून काढलेले चौकोनी खड्डे, दोऱ्या ताणलेल्या, खड्ड्यांत बसून ब्रशानं माती झाडणारी माणसं.

"हितंच," आबा म्हणाले. "ढोल्याच्या उगवतीला. आमची चूल ती तिकडं, देव ह्या अंगाला."

आईला कुंपण दिसलंच नसावं. ती माझ्या हाताला धरून, एक पाय ओढत, जाळीपर्यंत गेली. एका खड्ड्याच्या तळाला दगडांची एक ओळ उघडी पडली होती. आईनं ती पाहिली. मी काही म्हणायच्या आत तिनं पुडी सोडली, मूठ भरली आणि "बिरोबाच्या नावानं चांगभलं" म्हणून जाळीवरून भंडारा उधळला.

वारा समुद्राकडून होता. भंडारा वर गेला, पसरला आणि सगळ्या चौकोनांवर हळूच बसला. खड्डे पिवळे झाले. ब्रश मारणाऱ्या एकाची टोपी पिवळी झाली.

"अहो! अहो आजी! काय करताय?" आतून एक मुलगी धावत आली. पंचविशीची असेल, उन्हानं रापलेली, केस रुमालात बांधलेले. खोदकामाची जबाबदारी तिच्यावर होती. "हळद टाकलीत तुम्ही? हळद? या मातीतून आम्ही जुन्या अन्नाचे कण शोधतोय. आता उद्या तपासणीत हळद निघाली तर मी काय लिहू? दोन हजार वर्षांपूर्वी इथं हळद होती असं लिहू?"

आबा म्हणाले, "व्हती की. आमीच टाकत व्हतो."

"आबा, तुम्ही गप्प बसा," मी म्हणाले आणि त्या मुलीची माफी मागितली. मी तिला थोडक्यात सगळं सांगितलं. नवस, पाच दगड, भात. ती ऐकत होती, पण तिचं लक्ष पिवळ्या मातीकडं होतं. मग तिनं तळाच्या त्या ओळीकडं बोट केलं. "आजी, हे दगड तुमचे नाहीत. ही एका फार जुन्या घराची भिंत आहे. तुमचे दगड असतील तर ते वरच्या थरात असणार. वरचा थर आम्ही पहिल्याच वर्षी काढून टाकला."

"काढून टाकला," आई म्हणाली.

ती जाळीला धरून खाली बसली. गुडघे दुमडत नव्हते, म्हणून पाय पुढं पसरून. "देवच काढून टाकला. आता कुणाम्होरं पोरगी उभी करू?"

आबा तिच्याजवळ जाऊन उकिडवे बसले. "आगं, येडी का काय तू? आपला देव कवा एका जागी बसला? वाडा उठताना आपुनच म्हणायचो न्हाई का, चल बाबा म्होरं. नारळ फोडायचो. म्हंजी तो उठून आपल्यासंगच यायचा. मागं ऱ्हायलेल्या दगडात कोण असतंय?"

"मग माझा नवस?"

"तवाच आपल्या बिऱ्हाडाच्या घोड्यावर बसून आपल्यासंगं घरी आला आसंल. तू घरीच फेडायचा."

आईनं त्यांच्याकडं पाहिलं. "म्हंजी एवढी वरसं म्या भात उगाच सोडला?"

"म्या कुठं सोडायला सांगितला?"

"आन् हे तुमी आज सांगताय?"

"तू कवा इचारलंस?"

चाचा मागं उभे होते. ते हळूच मला म्हणाले, "बाई, यात आपण पडायचं नाही." खड्ड्यातली माणसं काम थांबवून बघत होती. मला रडू येत होतं आणि हसूही.

आईनं मान हलवली. "देव आला आसंल घरी. तुमचं खरं आसंल. पर शब्द म्या हितं दिला. शब्द काय घोड्यावर बसत न्हाई." आणि ती उठायचं नाव घेईना.

त्या मुलीनं पिवळ्या मातीकडं एकदा पाहिलं. मग ती जाळीचं फाटक उघडून बाहेर आली आणि आईशेजारी बसली. "आजी, वरच्या थरातले दगड आम्ही फेकले नाहीत. कुंपणाबाहेर ढीग आहे, तो बघा. माती, दगड, सगळं तिथंच टाकलंय. आमची नोंद झालीये त्याची. त्यातले पाच तुम्ही घेतले, तर मला चालेल. तुमचेच असतील असं मी सांगू शकत नाही. पण असतील तर त्यातच असतील."

आई माझ्या खांद्याला धरून उठली. ढिगाजवळ जाऊन ती एकेक दगड उलटून पाहू लागली. आबा मदतीला गेले.

"ह्यो बघ, ह्यो व्हता मधला," आबा म्हणाले.

"काय वळखलं तुमी?"

"वळखलं म्हंजी, ह्योच व्हता."

"देवाच्या कामात खोटं बोलू नका. बाजूला व्हा."

तिनं ओळख पटल्याचा आव आणला नाही. हाताला लागतील, नीट उभे राहतील असे पाच दगड तिनं निवडले, मी ते उचलले आणि ढिगापलीकडच्या बांधावर उगवतीला तोंड करून मांडले. मातीनं बुडं घट्ट केली. चाचांनी गाडीतली पाण्याची बाटली आणली. आईनं दगड धुतले आणि भंडारा लावला. या वेळी उधळला नाही. वाऱ्याच्या बाजूला पदर धरून, बोटानं, एकेका दगडाला. मुलगी लांबून बघत होती, तिच्याकडं बघून आई म्हणाली, "आता उडत न्हाई गं."

मग ती मला म्हणाली, "जा, कोटाच्या भिताडापाशी जा. चप्पल काढ. आन् चालत ये."

मी शिकलेली बाई. आठवी-नववीच्या मुलांसमोर रोज उभी राहते. पण तटाला पाठ लावून अनवाणी उभी राहिले, तेव्हा मला फळ्यापुढं बोलावलेल्या मुलीसारखं वाटलं. तिथून बांधापर्यंत वाळू, शिंपल्यांचा चुरा, वाळलेली काटकी. पलीकडं आई दगडांशेजारी उभी, तिच्या मागं आबा, चाचा, रुमाल बांधलेली ती मुलगी आणि पिवळ्या टोपीचा कामगार. मी चालू लागले. शिंपले तळव्यांना टोचत होते. मी वेगानं चालू शकले असते, पण तसं चालावंसं वाटेना. ज्या बाळासाठी तिनं पदर पसरला होता, ते बाळ या पायांनी कधी इथून चाललं नव्हतं. मीच पहिल्यांदा चालत होते.

मी पोचले. आईनं माझा दंड धरला आणि दगडांकडं बघून, शेजाऱ्याला सांगावं तशा आवाजात म्हणाली, "ही बघ. तुला शब्द दिला व्हता, ती. मास्तरीण झालीया. उशीर झाला, पर तिची शाळा व्हती."

मी दगडांवर डोकं ठेवलं. नंतर आईच्या पायांवर ठेवायला वाकले, तर ती म्हणाली, "माझ्या न्हाई, गुडघं दुखत्यात, ढकलशील." घोंगडी तिनं दगडांपुढं अंथरली, आबांनी नारळ फोडला.

जेवायची वेळ झाली होती. उत्खननाच्या लोकांचा स्वयंपाक नारळाच्या झावळ्यांच्या मांडवात होत असे. मुलीनं आम्हाला बसवलं. भात आणि डाळ, लोणचं. सगळे आईच्या ताटाकडं बघत होते, अगदी आचारीसुद्धा. आईनं भात कालवला. तिचा हात थोडा चुकत होता. भाकरीची सवय झालेली बोटं, त्यांतून भात निसटत होता. पहिला घास गिळून ती म्हणाली, "तवाचा तांबडा व्हता. ह्यो पांढरा दिसतुया."

"चांगला आहे का पण, आजी?" मुलीनं विचारलं.

"चांगला हाय. वाढ अजून."

आबा खाली बघून जेवत होते. त्यांनी डोळे पुसले आणि मिरचीला शिव्या दिल्या. डाळीत मिरची नव्हती.

जेवताना आईनं मुलीची चौकशी केली. गाव कुठलं, आई-वडील काय करतात, रोज एवढ्या उन्हात काय शोधतेस. मुलगी म्हणाली, "इथं फार जुनं बंदर होतं, आजी. लांबून गलबतं यायची. खापरं सापडली, मणी सापडले, घरं सापडली. पण गलबतं लागायची तो धक्का सापडत नाही. तो सापडला तरच पुढं खोदायची परवानगी मिळेल. नाहीतर या पावसाळ्याआधी सगळं बुजवून परत जायचं."

"किती दिस शोधतीस?"

"आले तेव्हापासून."

आईनं तिच्या ताटात लोणच्याची फोड टाकली आणि पुढं काही विचारलं नाही.

निघताना आई म्हणाली, "तुमी गाडीत बसा, आले." ती एकटी बांधावर गेली. मला वाटलं, डोळे भरून बघून घेत असेल. पण आबांनी गाडीच्या काचेतून पाहिलं आणि ते एकदम सरळ बसले. "ओठ हलत्यात तिचं," ते म्हणाले. "चाचा, बघ. ओठ हलत्यात!"

आई येऊन बसली. आबांनी विचारलं, "काय बोललीस?"

"काय न्हाई."

"नवस बोललीस?"

"तुमास्नी काय करायचंय?"

घाट चढून गाडी चहाला थांबली. टपरीवाल्यानं चार ग्लास आणले. आईनं आपला ग्लास चाचांकडं सरकवला. आईचा चहा म्हणजे काय, हे आमच्या घरी विचारावं. सकाळी चहा झाल्याशिवाय ती म्हशीलाही हाक मारत नाही.

आबांनी कपाळाला हात लावला. "च्या सोडला! पोरी, हिनं च्या सोडला! आता कुणासाठी गं? ऑपरेशनसाठी?"

"ऑपरेशनला डॉक्टर हाय की," आई म्हणाली. "त्या पोरीला कोण हाय? उन्हानं करपून गेलीया. तिला तिचा धक्का घावू दे म्हणाले. तवर च्या न्हाई."

"आन् त्या पोरीनं बी तीस वरसं लावली तर?"

"लावू दे. भात हाय की आता खायाला."

चाचांनी दोन्ही ग्लास संपवले आणि म्हणाले, "वहिनी, माझ्यासाठी कधी काही सोडायचं झालं, तर आधी सांगा. मी स्वतःच सोडून देईन."

आईचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. भुलीतून उठल्यावर तिनं पाणी मागितलं आणि मग नर्सनं आणलेला चहा परत पाठवला. आता ती वॉकर घेऊन अंगणात फिरते, सकाळी गरम दूध पिते आणि त्याला नावं ठेवते. मी दर आठवड्याला त्या मुलीला फोन करते. ती कुठं खोदते आहे, किती खोल गेली आहे, ते मला सांगते. मी ते घरी सांगते. आबा माझ्याही आधी फोनजवळ येऊन बसतात, कारण सकाळचा चहा त्यांना एकट्यानं प्यावा लागतो आणि तो त्यांना गोड लागत नाही. परवा ती म्हणाली की, खाडीकडच्या बाजूला, चिखलाखाली, रचलेल्या दगडांसारखं काही लागलं आहे, पण आत्ताच काही सांगता येणार नाही. मी ते आईला सांगितलं. ती चुलीपुढं खुर्ची टाकून बसली होती. वर न बघता म्हणाली, "तिला म्हणावं, घाई करू नको. नीट बघ म्हणावं."